कोपरा उडालेला पाटा

पार्टे सरांकडून चपलांच्या दुकानाची जाहिरात करून घ्यायची असेल तर चप्पल बरोबर आणावी लागे. कॉम्प्युटरमध्ये तयार चित्रांचा ढीग होता आणि त्यात हव्या त्या तऱ्हेच्या चपला होत्या, पण सर त्या फोल्डरकडे ढुंकूनही बघत नसत. "चप्पल ठेवून जा. पायातली. नवी नको, नवीला चेहरा नसतो," असं गिऱ्हाइकाला फर्मावून ते चष्मा पुसायला घ्यायचे. मग महाडच्या भर बाजारपेठेतून एखादा प्रतिष्ठित व्यापारी एका पायात चप्पल घालून घरी जायचा आणि त्याची दुसरी चप्पल माझ्या दुकानात मॉनिटरशेजारी, गणपतीच्या तसबिरीखाली विराजमान व्हायची. गिऱ्हाईक टिकवण्याचा याहून चांगला उपाय मी तरी पाहिलेला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं डीटीपी आणि छपाईचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांच्या पाट्या, मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं लोटायची तेव्हा बॅनर, असं काम चालायचं. सर पोलादपूरकडच्या एका शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. घरी बसून बायकोला छळण्यापेक्षा एखाद्या परक्या माणसाला छळावं असा उदात्त विचार करून ते माझ्याकडे डिझायनर म्हणून लागले. वहिनींनी पुढे त्याबद्दल माझे मनापासून आभार मानले होते.

शाळेतली त्यांची ख्याती मला नंतर कळली. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, बाजूला नारळाचं झाड, असं निसर्गचित्र काढणाऱ्या प्रत्येक मुलाला ते शून्य द्यायचे. "खिडकीतून बघ रे. समोर एवढा डोंगर उभा हाय, तो त्रिकोणी हाय का? आणि पोलादपुरात नारळ कुठं बघितलास?" पोरं रडायची, पालक भांडायला यायचे. सर पालकांनाही खिडकीपाशी नेऊन उभं करायचे. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीला मात्र त्यांची हरकत नसे. "देव मी पाहिलेला नाही. तेवढं तयार चित्र चालेल," असं ते अत्यंत उदार मनाने सांगत.

माऊस हातात आला तेव्हा त्यांनी तो ओल्या साबणाच्या वडीसारखा धरला होता. पण चिकाटी अशी की दिवाळीपर्यंत ते फोटोशॉपमध्ये पितळेचा तांब्या काढू लागले. एकेका लेअरवर एकेक छटा चढवायची, कडा पुसायची, उजेड कुठून येतोय ते खिडकीकडे बघून ठरवायचं. चित्र पुरं झालं की मला बोलवायचे आणि म्हणायचे, "मालक, उचलून बघा." मी मान डोलावून "छान" म्हणालो की चिडायचे. "छान नको हो. जड आहे का ते सांगा. चित्रात वजन दिसलं पाहिजे. नाहीतर तुमच्या त्या फोल्डरातलं भूत काय वाईट?" इकडे तांब्या जड होत होता आणि तिकडे पत्रिकांची तारीख उलटून वरपक्ष दारात उभा असायचा. त्यांना काय सांगायचं हे काम मालकाचं, कारण सर कलावंत.

आणि मग सुलभाताई निवडणुकीला उभ्या राहिल्या.

सुलभाताई म्हणजे सरांची धाकटी बहीण. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर एक वाडी आहे, तिथे त्यांचं सासर. नवरा मुंबईला गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर परत येऊन गुरं आणि नाचणी बघत होता. वाडीत पाण्याची सुरेख टाकी होती. ठेकेदाराने ती बांधली, तिच्यावर स्वतःचं नाव रंगवलं आणि पाणी आणायचं तेवढं विसरला. फाल्गुन लागला की बायका खालच्या झऱ्यावरून हंडे भरून चढ चढायच्या. ग्रामपंचायतीची वाडीची जागा त्या वेळी बायकांसाठी राखीव झाली, आणि टाकीत पाणी आणीन एवढ्या एकाच वचनावर सुलभाताईंनी अर्ज भरला. समोर उभी होती ठेकेदाराचीच बायको. त्या बाईंचा आवाज वाडीत कोणी कधी ऐकला नव्हता. नवऱ्याच्या दृष्टीने ती आदर्श उमेदवार होती.

बाईंना चिन्ह मिळालं कपबशी. सुलभाताईंना मिळालं पाटा-वरवंटा.

त्या माझ्या दुकानात आल्या तेव्हा आनंदाने त्यांना धाप लागली होती. "दादा, चिन्ह किती बरं मिळालं बघ. घराघरातलं. आता तू असा काढ, की बघनाऱ्यानं बघत ऱ्हावं."

मी निवडणूक कार्यालयाने दिलेला चिन्हांचा कागद पुढे केला. चार काळ्या रेघांचा पाटा, त्यावर एक नळकांडं. म्हटलं, "सर, हाच स्कॅन करतो. मतपत्रिकेवर हाच असणार आहे."

सरांनी तो कागद मेलेलं झुरळ उचलावं तसा चिमटीत धरला. "मालक, लग्न ठरवताना मुलगी बघायला गेला होतात, की तिची झेरॉक्स मागवली होतीत?"

दुसऱ्या दिवशी सर पोलादपूरच्या एसटीतून उतरले ते पाटा घेऊन. धोतरात गुंडाळलेला पाटा हमालाच्या डोक्यावर आणि वरवंटा सरांच्या कडेवर. कंडक्टरने हे काय म्हणून विचारलं, तर सरांनी "पेशंट हाय" असं सांगितलं म्हणे.

तो पाटा भागाआजीचा. भागाआजी सुलभाताईंच्या शेजारची, वाडीतली सगळ्यात म्हातारी. तिच्या वरवंट्याचा वाडीत मोठा मान होता. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, कुंची बांधून, बाळासारखा नटवून, या हातातून त्या हातात देत. वाडीतल्या प्रत्येक बारशाला तो वरवंटा भागाआजीकडून जायचा. दुसरा कुठला घेत नसत. म्हणजे वाडीतला झाडून सगळा मतदार त्या वरवंट्यानंतरच पाळण्यात निजलेला होता. पाट्याचा एक कोपरा भागाआजीच्या लग्नाच्या वरातीत उडालेला, आणि वरवंटा एका अंगाने झिजून चपटा झालेला.

पाटा माझ्या टेबलावर चढला आणि टेबलाने कुरकुर केली. सर मांडी ठोकून बसले. पाट्यावरची पाथरवटाच्या छिन्नीची एकेक खाच, त्या खाचांत अडकलेली हळद, वरवंट्यावर हातांच्या तेलाने आलेली चकाकी, सगळं स्क्रीनवर उतरू लागलं. एकदा काम निम्म्यावर आलं असताना वीज गेली. फाइल सेव्ह केलेली नव्हती. मी कपाळाला हात लावला. सर शांतपणे म्हणाले, "बरं झालं. त्यात वजन नव्हतं." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

उडालेल्या कोपऱ्यापाशी मात्र मी तोंड उघडलं. म्हटलं, तेवढा भरून टाका, चिन्ह अखंड दिसू द्या. सर वळलेसुद्धा नाहीत. "माहीत आहे ते काढायचं नाही. दिसतंय ते काढायचं."

चित्र झालं ते खोटं कशाला सांगू, अप्रतिम झालं. माझा हात आपोआप पुढे गेला, आणि काचेला लागल्यावर मी ओशाळलो. सरांनी ते पाहिलं आणि त्या एका दिवसापुरतं मला माणसात गणलं.

पाटा-वरवंटा परत गेला, पाठोपाठ मोठी पत्रकं छापून वाडीत गेली आणि एकच कल्ला झाला. "गो, ह्यो तर भागाआजीचा पाटा!" बायकांनी पत्रकं घराघरात भिंतीवर चिकटवली. ठेकेदाराच्या भावकीनेसुद्धा मागून नेली. कपबशीची पत्रकं वाऱ्यावर उडत होती, त्यांत पोरं बोरं बांधून नेत होती. सुलभाताई निवडून आल्यातच जमा होत्या. सरांनी मला बजावलं, "विजयाच्या पत्रकासाठी मी हंडा काढणार आहे. पाण्याने भरलेला."

सुलभाताई पडल्या. थोडक्यात पडल्या, पण थोडक्यात पडणाऱ्याला टाकी भरून मिळत नाही.

निकालाच्या संध्याकाळी मी सरांबरोबर वाडीत होतो. सुलभाताई ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसल्या होत्या. वाडीतली हक्काची मतं गेली कुठे हे कोणाला उमगेना. एवढ्यात भागाआजी काठी टेकत आली आणि तिने आपणहून खुलासा केला.

"मी शिक्का घेतला गो हातात. कागदावर पाटा शोधला. येक पाटा व्हता, पण त्यो आपला नाय. आपल्याचा कोपरा गेलाय. त्याचा चारी बाजूनी धड. मंग दुसऱ्याच्या पाट्यावर शिक्का कसा मारायचा?"

सुलभाताईंनी डोकं वर केलं. "मंग कुठं मारलास, आजी?"

"कपबशीवर. चाय काय, कुनाच्याबी घरची चालती."

आजूबाजूच्या तीनचार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांचाही न्याय तोच होता. एकीने तर मतदान अधिकाऱ्याला, "आमचा पाटा कुठं ठेवलाव?" असं विचारलंही होतं, आणि त्याने तिला रांगेतून बाजूला केलं होतं. मला हसू फुटलं. पण सरांकडे बघितलं आणि ते विरून गेलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. सुलभाताई उठल्या, हंडा घेतला आणि झऱ्याच्या वाटेला लागल्या.

त्यानंतर दर उन्हाळ्यात रविवारी दुकान बंद असलं की सर वाडी गाठायचे आणि बहिणीचे हंडे खांद्यावरून वर आणायचे. गुडघे धरले की महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात शेकून घ्यायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा चढायचे. मी एकदा म्हटलं, "सर, या वयात कशाला?" तर म्हणाले, "वजन बघतोय."

पुढच्या निवडणुकीला सुलभाताईंना छत्री मिळाली. सर सकाळी आले, छत्री न मागता चिन्हांचा कागद स्कॅनरवर ठेवला, आणि त्या काळ्या रेघा जशाच्या तशा पत्रकावर घेतल्या. सुलभाताई दणक्यात निवडून आल्या, आणि वर्षाच्या आत टाकीत पाणी आलं. मी पेढे पुढे केले तर सरांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "बहीण निवडून आली, मालक. मी पडलो." त्यानंतर त्यांनी वस्तू मागणं सोडलं. चपलेची जाहिरात आली की मुकाट्याने फोल्डर उघडायचे. पत्रिका वेळेवर जाऊ लागल्या, धंदा सुधारला, आणि मला दुकानात बसवेना.

भागाआजी वारली. तिच्या मुलांनी मुंबईच्या पैशांवर जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. गवंड्याने दिसेल तो दगड घराच्या पायात भरला, त्यात पाटाही गेला आणि वरवंटाही. घर भक्कम झालं याबद्दल वाद नाही.

सुलभाताईंच्या मुलीला मुलगा झाला, तेव्हा बारशाला सरांबरोबर मीही गेलो होतो. बाजारातून नवा वरवंटा आणून ठेवला होता, गुळगुळीत, सुबक. बायका त्याला हात लावीनात. "त्यो आपला नाय," असं एक म्हातारी म्हणाली आणि मला जुना निकाल आठवून धडकी भरली. सुलभाताई आत गेल्या. भिंतीवरून त्यांनी ते जुनं पत्रक सोडवून आणलं, धुराने पिवळं झालेलं. त्याची वरवंट्याएवढी गुंडाळी केली, वर कापड गुंडाळलं, कुंची बांधली.

"ह्यो घ्या. ह्यो आपला हाय."

कोणी हसलं नाही. बायका ती गुंडाळी पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देऊ लागल्या. सर दाराशी उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मी म्हटलं, "सर, बघितलंत?"

"गप बसा, मालक," ते म्हणाले. "हात बघा त्यांचे."

कागदाची ती गुंडाळी घेताना प्रत्येक बाई जरा वाकत होती, आणि दुसरा हात खाली लावत होती.