माझ्या आधी बहरीनला येऊन गेलेला मी

बहरीनमधला माझा पहिला पराक्रम म्हणजे सुटकेससकट बायकांच्या ब्युटी पार्लरमध्ये शिरणं.

त्याचं झालं असं, की तिथे गल्ल्यांना नावंच नसतात. बिल्डिंगला नंबर, रोडला नंबर, ब्लॉकला नंबर... पत्ता कसला, गणिताचा पेपर. ज्याच्याकडे उतरायचं होतं त्या इंगळेने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पत्त्यातला रोडचा नंबर मी बिल्डिंगचा समजलो आणि त्या नंबरची बिल्डिंग सापडल्यावर मोठ्या आत्मविश्वासाने काचेचं दार ढकललं. आत डोक्याला रंग लावून बसलेल्या बायका. त्यातली एक अरबीत जे काही बोलली त्याचा शब्दन् शब्द मला कळला, अरबी येत नसताना. मी उलट पावली बाहेर निघालो, तर सुटकेसचं चाक उंबऱ्यात अडकलं. असो.

समोरच एक कोल्ड स्टोअर होतं. तिथे किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. त्याचा मल्याळी मालक दारात उभा राहून सगळं बघत होता. मला वाटलं, हा आता हसणार. तो हसला नाही. म्हणाला, "सर, फिर उधर गया? लास्ट टाइम भी उधरीच गया था."

मी म्हटलं, मी तर आत्ताच एअरपोर्टवरून येतोय, बहरीन पहिल्यांदाच बघतोय. त्याने मान डोलावली, गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही अशा थाटात. मला बरोबर बिल्डिंग दाखवली आणि मी वळलो तेव्हा मागून विचारलं, "भाभी कैसी है अब?"

आणि मी काय केलं? "ठीक है" म्हटलं. कुणी बायकोची तब्येत विचारली की आपल्या तोंडून दुसरं काय येतं?

आता जरा माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला नवसाचा दोरा बांधणारा समजणार नाही. आम्ही अकोल्याचे. माझे वडील कट्टर आंबेडकरवादी. घरात जो कुणी 'भूत' हा शब्द उच्चारेल त्याने त्या दिवशीची सगळी भांडी घासायची, असा त्यांचा नियम. आईने सुद्धा एकदा घासली आहेत, म्हणजे त्या दिवशी तिला वेगळं काही करावं लागलं नाही, पण तत्त्व म्हणून. मी स्वतः एसी प्लांटच्या मेन्टेनन्समध्ये आयुष्य काढलेला माणूस. आवाज आला की कॉम्प्रेसर, पाणी टपकलं की ड्रेन पाइप. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते बहुतेक वेळा धूळ असते.

आमची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली आणि पन्नाशीत मी घरी बसलो. मुलगी प्रज्ञा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. गावाकडचा इंगळे बहरीनमध्ये एका ऑफिसात आहे. त्याने सलमाबादमधल्या एका एसी वर्कशॉपमध्ये माझा बायोडाटा दिला आणि त्यांनी इंटरव्ह्यूला बोलावलं. व्हिजिट व्हिसा, सगळ्यात स्वस्तातलं तिकीट, वाटेत शारजाला बाकावर बसून काढलेला वेळ, टॅक्सी नको म्हणून बस, आणि उम्म अल हस्सममध्ये इंगळेच्या शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये एक कॉट. हा माझा परदेश दौरा. ही नोकरी मिळाली नाही तर पुढे काय, याचं उत्तर आमच्या घरात कुणाकडेच नव्हतं, म्हणून कुणी तो प्रश्न विचारत नव्हतं.

कोल्ड स्टोअरवाल्याची गोष्ट इंगळेला सांगितली तर तो हसत सुटला. "अरे, तुझ्यासारखे चेहरे आपल्याकडे डझनावारी मिळतात. येऊन गेला असेल एखादा वानखडे नाहीतर तायडे." मलाही पटलं. माझा चेहरा खरंच तसा आहे. बँकेत दरवेळी नव्याने ओळख द्यावी लागते.

पण चैन पडेना. नवीन गावात पाय मोकळे करायला निघालो तरी मन मागे वळून बघायचं. शुक्रवारी सगळं बंद, इंगळे झोपलेला. मी उन्हात सावल्या शोधत नुसता फिरत राहिलो. सप्टेंबरचा दमट उकाडा, शर्ट अंगाला चिकटलेला... आणि कुणी समोरून आलं की वाटायचं, हा आता ओळखीचं हसणार. कुणी हसलं नाही की बरं वाटायच्या ऐवजी उलटीच धाकधूक. दिवसातून तीनदा घरी फोन केला. वैशाली, म्हणजे माझी बायको, शेवटी म्हणाली, "काहून एवढे फोन? तिकडे काही काम नाही का तुम्हाला?"

शनिवारी इंटरव्ह्यूसाठी केस कापायला गेलो. इंगळेच्या बिल्डिंगपासून जरा लांब, दुसऱ्याच बाजूला, मुद्दाम. हैदराबादचा न्हावी होता. मी खुर्चीत बसलो, त्याने मशीन घेतली आणि डाव्या कानामागे आला.

तिथे मला एक गाठ आहे. चरबीची, सुपारीएवढी, लहानपणापासूनची. केसांत दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या न्हाव्याला मला आधी सांगावं लागतं, नाहीतर मशीन लागून रक्त येतं. मी सांगायला तोंड उघडलं तोवर त्याने बोटाने ती जागा दाबून धरली आणि मशीन बाजूने वळवून नेली.

"लगेगा नहीं साब," तो म्हणाला, "पिछली बार काट दिया था ना मैं, याद है मेरेकू."

मी आरशात बघत राहिलो. म्हणजे त्याच्याकडे नाही, स्वतःकडे.

मग तो आपल्या आपण बोलत सुटला, न्हावी बोलतात तसा. भाभींचा जबडा कसा आहे आता? दाढ काढली का शेवटी? तुम्ही म्हणत होता, जिना चढला की जास्त दुखतो. मी तेव्हाच म्हणालो होतो की दाताचा आणि जिन्याचा काय संबंध... मी पुन्हा "ठीक है" म्हटलं.

बाहेर येऊन भिंतीच्या सावलीत उभा राहिलो आणि फोन लावला. इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "तुझी दाढ दुखतेय का?"

वैशाली गप्प झाली. वैशाली गप्प होणं ही आमच्याकडे नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. मग म्हणाली, "प्रज्ञाच्या लक्षात आलं वाटतं, चुगली केली ना तिने?"

प्रज्ञाने काही सांगितलं नव्हतं. प्रज्ञाला माहीतच नव्हतं. मी निघाल्यापासून वैशालीचा जबडा अधूनमधून दुखत होता, ती लवंग धरत होती, गोळी घेत होती. इंटरव्ह्यू होऊ द्या, मग दाखवते दाताच्या डॉक्टरला, असं तिचं ठरलं होतं. मी विचारलं, जिना चढताना जास्त दुखतं का? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?" आणि मग लगेच, "आता माझ्या दाढेचा इंटरव्ह्यू नका घेऊ, उद्याचा नीट द्या."

इंगळे म्हणाला, दाढ ती दाढ, झोप आता. मी कॉटवर पडलो. झोपलो असं मात्र म्हणवत नाही.

रविवारी सकाळी सलमाबादला गेलो. तिथे रविवार कामाचा दिवस असतो. आधी मला इंटरव्ह्यूच्या तारखेत त्यांची टायपिंगची चूक वाटली होती, तेही इंगळेनेच सुधारलं. वर्कशॉपला मोठं लोखंडी गेट, आत उघडे करून ठेवलेले आउटडोअर युनिट, तांब्याच्या पाइपची वेटोळी. माझ्या सवयीचं सगळं. मन पहिल्यांदा जरा जागेवर आलं.

गेटवर नेपाळी वॉचमन होता. त्याने मला पाहिलं आणि उठून उभा राहिला. नाव नाही विचारलं, काम नाही विचारलं. हळू आवाजात म्हणाला, "साब, इस बार तो अंदर जाओगे ना?"

मी विचारलं, मागच्या वेळी काय झालं होतं. विचारायला नको होतं असं एका बाजूने वाटत होतं. तो जरा गोंधळला, स्वतःचीच गोष्ट हा मला का विचारतोय, असा. मग म्हणाला, तुम्ही इथेच उभे होता. घरून फोन आला. तुम्ही खाली बसलात... इथे, या दगडावर. मी पाणी दिलं, ते तुम्ही घेतलं नाही. मग उठून रस्त्याकडे पळत गेलात. मालक आत वाट बघत होते.

मी फोन काढला. वैशालीने उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. तिसऱ्यांदा प्रज्ञाने उचलला. "पप्पा, आई भाजी घेऊन आली ना, ती जिन्यातच बसली आहे. दाढ दुखते म्हणते. घामाघूम झाली आहे."

जिन्यावर दुखणारी दाढ आणि वर घाम, म्हणजे बिघाड दाढेत नाही, पंपात. मी म्हटलं, तिला घेऊन आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा, दाताच्या नाही. ईसीजी काढायला सांग. प्रज्ञा म्हणाली, "पण दाढेसाठी ईसीजी कशाला..." आणि तेवढ्यात मागून वैशालीने फोन ओढून घेतला.

"तुमचा इंटरव्ह्यू किती वाजता आहे?"

"आता."

"मग आत जा ना. मी जाते संध्याकाळी."

"तू रिक्षात बसल्याशिवाय मी आत जात नाही."

"अहो, वेडे झालात का? पन्नाशीत कोण बोलावतं सारखं सारखं? जा म्हणते ना."

"वैशाली, मी गेटवर उभा आहे. तू रिक्षात बस, प्रज्ञाला तसा मेसेज करू दे, तेव्हा मी आत पाऊल टाकीन. नाहीतर इथेच राहीन."

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. या काळात माझं एकही म्हणणं तिने पहिल्या फटक्यात ऐकल्याचं मला आठवत नाही. तिला दवाखान्यात जायचं नव्हतंच. पण मला नोकरी मिळायला हवी होती ना, म्हणून गेली. "माणूस आहे की काय," असं पुटपुटत फोन ठेवला.

मी त्या दगडाकडे न बघता उभा राहिलो. आतून एकदा कुणीतरी येऊन, साहेब विचारताहेत, म्हणून सांगून गेलं. टायच्या आत घाम. शेवटी प्रज्ञाचा मेसेज आला, निघालो. मग मी आत गेलो.

इंटरव्ह्यू कसा झाला ते न सांगितलेलं बरं. ज्या प्रश्नांची उत्तरं मी हाताखालच्या पोरांना झोपेत दिली असती, त्यांच्यावर मी "सॉरी?" म्हणत होतो. मध्येच फोन थरथरला. ईसीजी चांगला नव्हता, आईला आत घेतलंय, ॲन्जिओग्राफी करणार म्हणतात. मी उठलो, माफी मागितली की नाही आठवत नाही, आणि निघालो. वॉचमनने काही न विचारता गेट उघडून धरलं होतं.

मिळालं त्या विमानाने परत आलो. वैशालीच्या हृदयाच्या मोठ्या नळीत ब्लॉक निघाला, स्टेंट टाकला, ती वाचली. डॉक्टरांनी प्रज्ञाला विचारलं म्हणे, जबडा दुखतो म्हणून थेट इकडे आणायचं कुणाला सुचलं, तुझे पप्पा डॉक्टर आहेत का? ती म्हणाली, नाही, एसी दुरुस्त करतात.

नोकरी गेली ती गेलीच. आता इथेच एका हॉस्पिटलच्या एसी प्लांटवर आहे, पगार कमी आहे, जिने जास्त आहेत.

मी इंगळेच्या मागे लागून चौकशी करायला लावली. तोही माझ्या वडिलांच्या तालमीतला, पुरावा मागणारा. तो कोल्ड स्टोअरवाल्याकडे गेला, न्हाव्याकडे गेला. दोघांनाही तो आधीचा माणूस नीट आठवतो, पण त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. तो कधी आला होता, यावर एक म्हणतो मागच्या वर्षी, दुसरा म्हणतो उन्हाळ्याच्या आधी. तो कुठे राहायचा ते कुणाला सांगता येत नाही. वॉचमन दरम्यान काम सोडून गेला. इंगळेने न्हाव्याला माझा फोटो दाखवून, हा दुसरा माणूस असेल, असं परोपरीने सांगितलं, तर तो जवळजवळ रागावला. एकच साहेब आहेत, म्हणाला, दोनदा आले.

माझा पासपोर्ट त्या प्रवासापर्यंत कोरा करकरीत होता. चेहरा सारखा असू शकतो, ते मी मान्य केलं. पण गाठ? आणि जिना? आणि तेच गेट? धूळ, ड्रेन पाइप, लूज कनेक्शन... मला येतं ते सगळं लावून पाहिलं. बसत नाही. वडील आज असते तर त्यांनी काय म्हटलं असतं ते ठाऊक आहे, म्हणून मी 'तो' शब्द वापरत नाही. पण दुसरा कुठला वापरायचा तेही समजत नाही.

वैशाली घरी आल्यावर बरेच दिवस मी तिला यातलं काही बोललो नव्हतो. डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हटलं होतं. मग एका दुपारी ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, तेव्हा सगळं सांगितलं. पार्लरच्या ठिकाणी ती इतकी हसली, की मलाच भीती वाटली. न्हाव्यापाशी हसणं थांबलं. गेटपाशी तिने माझा हात धरला.

सांगून झाल्यावर तिने हात सोडून पाठीमागची उशी सारखी केली. मला वाटलं, आता म्हणणार, तुम्ही वाचवलंत मला. मी त्याची थोडी तयारीही करून ठेवली होती, छे छे, त्यात काय, वगैरे.

ती म्हणाली, "तुम्ही घरी फोन केलात. त्याला घरून फोन आला. मग तिचं काय झालं असेल हो?"