मोक सूची तुरेवाली सवत

मोक सू रोकिया, माझी धाकटी मावशी. एकतीस वर्षांच्या संसारात तिला पहिली सवत मिळाली ती तुरेवाली, आणि वजनाने पाव किलोहून जराशीच जास्त.

तिचे यजमान पोक सू देरामन बस चालवायचे. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात एक सेरामा कोंबडा घेऊन आले. आमच्या तुम्पात गावात ही चिमुकली कोंबडी घरोघरी असतात, पण ओसरीवर, पिंजऱ्यात. हा थेट बैठकीत आला. नाव ठेवलं पुतेरा. शनिवारी त्याला शाम्पूने आंघोळ, मग मोक सूच्या हेअर ड्रायरने पिसं वाळवणं. मी तेव्हा त्यांच्याकडे राहून एसी दुरुस्तीची कामं करायचे, त्यामुळे तो ड्रायर दोनदा मलाच उघडून साफ करावा लागला. आत सगळी पिसं.

पोक सू चिमटीत उकडलेल्या अंड्याचा बलक धरून त्याला विचारायचे, ‘जेवलास का राजा?’ मोक सू तेव्हा पहाटेपासून गोकर्णीच्या फुलांनी रंगवलेला निळा भात विकून दमून आत आलेली असायची.

‘मला विचारलंय का कधी एकदा तरी?’ ती मला म्हणाली. ‘मी जेवले काय, उपाशी राहिले काय.’

चे याम नावाची शेजारीण भात घ्यायला आली की खोचकपणे विचारायची, सवतबाई न्हाऊन आल्या का. मोक सू तिला त्या दिवशी मासा लहान वाढायची.

मग तालुक्याची स्पर्धा जाहीर झाली. त्यात कोंबड्याला गोल टेबलावर एकट्याने उभं राहायचं असतं. छाती इतकी वर की डोकं मागे जावं, पंख सरळ खाली, आणि चाल ऐटीची. लाडावलेला कोंबडा हे करत नाही, तो मांडी शोधतो. आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत. म्हणून शेवटचा महिनाभर पोक सूंनी मन घट्ट केलं. गुडघ्यावर घेणं बंद, गप्पा बंद.

हे मोक सूलाही माहीत होतं. रोज पोक सू चहाच्या टपरीवर गेले की ती पुतेराला मांडीवर घ्यायची, भाताची शितं भरवायची, मानेखाली खाजवायची. मी एकदा बघितलं, तर म्हणाली, ‘मारत नाहीये ना मी त्याला?’

स्पर्धेच्या दिवशी ती खास जांभळं सारोंग नेसून पहिल्या रांगेत बसली. पुतेरा टेबलावर आला, दोन पावलं चालला, छाती फुगवायचं सोडून मान वळवून माणसं न्याहाळू लागला. मग काठावर येऊन त्याने उडी मारली, आणि सगळ्यांच्या पायांमधून येऊन मोक सूच्या मांडीवर चढून बसला. मांडवभर हशा झाला. पोक सू हसले नाहीत.

दोघं मोटारसायकलवरून घरी आली, मी पाठोपाठ. कोंबडा अर्थातच मागे, तिच्या ओच्यात.

‘किती दिवस चाललं होतं हे?’ दारात पोक सूंनी विचारलं.

‘महिनाभर. तुम्ही चहाला गेलात की.’

मला वाटलं, आता भांडण होणार. पोक सूंनी वाकून कोंबड्याकडे बघितलं. त्याचे डोळे मिटत आले होते.

‘माझ्या मांडीवर तो कधी झोपला नाही,’ ते म्हणाले.

मोक सूचा चेहरा मी पाहिला. एकतीस वर्षांत तिला आपला हेवा करणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. तिने पुतेराला जरा जवळ ओढलं.

संध्याकाळी ती चटईवर बसली होती, कोंबडा मांडीवर. पोक सू येऊन तिला अगदी खेटून बसले आणि हळूच हात पुढे केला. ती तशी बसलेली मी कधी पाहिली नव्हती, ताठ, आणि कान टवकारलेले. हे आपल्यासाठी आलेत की कोंबड्यासाठी, एवढंच ती ताडत होती. तिने सारोंगचा काठ पुतेरावर ओढला.

‘आधी मला विचारा.’

‘काय विचारू?’

‘रोज त्याला विचारायचात ते.’

पोक सूंनी घसा साफ केला. माझ्याकडे बघितलं. मी हत्यारांच्या पेटीतले पान्हे आवरू लागले.

‘जेवलीस का?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘ताट वाढून आणा. हा झोपलाय, मला उठता येणार नाही.’