नाव माईकवर घ्या

सगळ्यात आधी जयंतीभाईंचं नाव घेतो, कारण माझ्या नावापुढे पदवी लागली ती त्यांच्यामुळे. डहाणूजवळ मसोलीत त्यांचं मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान आहे. मी त्याच भागातल्या कैनाड गावचा. घरी भात आणि नाचणी. माझ्याआधी आमच्यात कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. डहाणूला शिकत असताना मी त्यांच्या गोडाऊनमध्ये राहायचो आणि गुंडाळलेल्या कनातींवर झोपायचो. लग्नाच्या सीझनमध्ये परीक्षा आली की ते मला टेम्पोतून खाली उतरवायचे. "तू पेपर लिही, दीकरा. भोंगे बांधायला माणसं पुष्कळ आहेत."

माईक टेस्ट करताना सगळे 'हॅलो हॅलो' म्हणतात. जयंतीभाई ते चालवून घ्यायचे नाहीत. "हॅलोवरून काय समजणार? माणसाचं नाव बोल. नाव शेवटच्या माणसाला चोखं ऐकायला गेलं, तर आपलं काम झालं."

आता त्यांना स्वतःला ऐकू येत नाही. आयुष्यभर भोंग्याखाली उभे राहिले, त्याचा परिणाम. फोन करून उपयोग नसतो. काही सांगायचं तर लिहून द्यावं लागतं.

मी पुढे मुंबईत इव्हेंट कंपनीत लागलो. माझ्या कामाला शो कॉलर म्हणतात. पुरस्कार सोहळ्यात स्टेजच्या बाजूला, पडद्याआड, कानाला हेडसेट लावून एक माणूस उभा असतो. हातात रनिंग ऑर्डर, म्हणजे कुठल्या क्षणी काय होणार याची क्रमवार यादी. लाइट कधी, म्युझिक कधी, पडद्यावर क्लिप कधी, हे तो बोलतो आणि मग ते होतं. प्रेक्षकांना तो दिसत नाही. दिसला तर समजायचं, काहीतरी बिघडलं आहे.

त्या संध्याकाळी मी दिसलो.

डहाणूत समुद्राजवळच्या मैदानावर मराठी सिनेमाचा पुरस्कार सोहळा होता. स्पॉन्सर एक बिल्डर, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. माझ्याच गावाकडे एवढा मोठा शो, म्हणून मी खुशीत होतो.

"बाबा, इकडे बघा! कॅमेऱ्यात बघा!" फोटोग्राफर ओरडत होते. स्टेजवर एक माणूस प्रेक्षकांकडे पाठ करून उभा होता. धुतलेला सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात सोनेरी ट्रॉफी. तो मागच्या मोठ्या पडद्याकडे बघत होता.

त्यांचं नाव लखमा. तलासरीच्या पुढे हायवे सोडून आत त्यांचा पाडा आहे. मिळेल ती मजुरी करतात. त्यांची मुलगी सुनंदा एका कंपनीत कामाला होती. त्या भागात सिनेमाचं शूटिंग आलं तेव्हा दिग्दर्शकाने तिला नायिकेच्या मैत्रिणीचं काम दिलं. पहिलंच काम, पण फार छान केलं होतं. सिनेमा यायच्या आधीच, कंपनी सुटल्यावर हायवे ओलांडताना टेम्पोने तिला उडवलं. परीक्षकांनी तिचा 'विशेष उल्लेख' केला होता. तो स्वीकारायला वडील आले होते.

पडद्यावर तिची क्लिप चालू होती. ती बांधावरून पळत येते, धापा टाकत हसते आणि म्हणते, "थांब की गं, मी पण येते!" एवढंच. सिनेमा पाड्यापर्यंत पोचला नव्हता. मुलीला पडद्यावर लखमाबाबा पहिल्यांदाच बघत होते.

क्लिप संपली. ते हलले नाहीत.

हेडसेटमध्ये माझे बॉस निखिल सर बोलले, "काढ त्यांना. आपण लेट चाललोय."

क्लिप चालवणाऱ्या मुलाने हळूच विचारलं, "परत लावू?"

"लाव," मी म्हणालो.

"कोणी सांगितलं?" निखिल सर ओरडले. तोवर ती पुन्हा बांधावरून पळत आली होती. या वेळी संपल्यावर लखमाबाबांनी ट्रॉफी टॉवेलात गुंडाळली, आले त्याच समोरच्या पायऱ्यांनी उतरले आणि मधल्या वाटेने चालत मैदानाबाहेर गेले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तलासरीकडची जीप चुकू नये म्हणून ते थांबले नाहीत, हे नंतर कळलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. विशेष उल्लेखाला ट्रॉफी नसते, सर्टिफिकेट असतं. पण सर्टिफिकेट फोटोत दिसत नाही. शेठ म्हणाले होते, "हातात काहीतरी चमकणारं द्या." म्हणून टेबलावरची एक ट्रॉफी तेवढ्यापुरती द्यायची आणि माणूस विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशाला आला की काढून घेऊन सर्टिफिकेट द्यायचं, असं ठरलं होतं. या धंद्यात हे नेहमीचं आहे. इंडस्ट्रीतल्या लोकांना सांगावं लागत नाही, ते आपणहून विंगेत येतात. लखमाबाबांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि ते घेऊन गेले ती ट्रॉफी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याची होती. हिरोच्या नावाची पट्टी लावलेली.

मी विंगेतून धावत समोर आलो, तो हजार माणसांना दिसलो. पण बाबा गेले होते. आणि हिरोचं नाव पुकारलं जात होतं.

ट्रॉफी देणाऱ्या मुलीने घाबरून टेबलावरची दुसरी उचलून पाहुण्यांच्या हातात दिली. हिरोने ती डोक्यावर उंच धरली, मग खाली आणून पट्टी वाचली. माईकवरच म्हणाला, "सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण? अहो, या सिनेमात माझा आवाजसुद्धा दुसऱ्याने दिलाय!"

सगळं मैदान हसलं. चौथ्या रांगेतून साउंड रेकॉर्डिस्ट उठून उभे राहिले. "साहेब, सांभाळून, ती माझी आहे!" आणखी हशा. निवेदिकेने सावरायला जाहिरात लावायला सांगितली, तर जाहिरातीऐवजी सुनंदाची क्लिप पुन्हा लागली. "थांब की गं, मी पण येते!" आणि ज्यांनी मघाशी उभं राहून टाळ्या दिल्या होत्या, तेच लोक या वेळी हसले.

हिरो हसला, शेठ हसले नाहीत.

"माझ्या कार्यक्रमातून ट्रॉफी चोरीला जाते?" ते निखिल सरांना म्हणाले. "सकाळी पोलिसांत तक्रार देतो."

"चोरी नाही, शेठ," मी म्हणालो. "त्यांना दिली, म्हणून ते घेऊन गेले."

"तू त्यांच्याकडचाच ना?"

"हो. उद्या संध्याकाळपर्यंत आणतो. तक्रार नका देऊ."

"दुसरी बनवून त्यांना देता येईल का?" मी निखिल सरांना बाजूला विचारलं.

"विशेष उल्लेखाला ट्रॉफी नसते," ते म्हणाले. "आज दिली, तर उद्या सगळे मागतील. सर्टिफिकेट घेऊन जा."

सकाळी पाड्यावर पोचलो. लखमाबाबा ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "परत न्यायला आलास ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मुंबईचा माणूस दुसऱ्याच दिवशी चहा प्यायला येत नाय."

ट्रॉफी आत भाताच्या कणगीवर होती. तिला कुंकू लावलेलं. शेजारी सुनंदाचा फोटो, कंपनीच्या आयकार्डवरून मोठा केलेला. मी ट्रॉफीचं खरं ते सांगितलं. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं.

"ह्याच्यावर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"म्हंजे तिचं नाव नाय."

"नाही, बाबा."

"घरात वाचणारी तीच होती," ते म्हणाले. "मग माझ्या हातात दिली कशाला?"

"फोटोसाठी."

सुनंदाची आई चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही. "मेलेल्या माणसाला पण उसनंच देता काय रे तुमी?"

मग मी म्हणालो, "मी माझ्या पगारातून तशीच बनवून आणतो, तिच्या नावाची."

"तू दिलेली तुझी," बाबा म्हणाले. "तिची कशी होईल?"

शेवटी तक्रारीचं सांगावंच लागलं. बाबा ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "चोराकडून न्यायची तर पोलीस आण. माझ्याकडून न्यायची तर दिली तशी ने. देताना माईकवर नाव घेतलं होतं. घेताना पण घ्या. आमच्यात चार माणसांसमोर दिलेलं चार माणसांसमोरच परत जातं."

"आणि एकच पास दिला तुमी," आई म्हणाली. "हे ऐकून आले. मी कुठं ऐकलं तिचं नाव?"

मी तसाच मसोलीला गेलो. जयंतीभाई दुकानात खुर्चीवर होते. बिलाच्या मागे लिहिलं: एक भोंगा, अँप्लिफायर, बॅटरी, एक माईक. आज दुपारी, तलासरी.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "लग्न?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मयत?"

मी पेन हातात घेतलं, पण काय लिहावं कळेना. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गोडाऊनची किल्ली पुढे केली. "छोटा हत्ती टेम्पो घेऊन जा. ड्रायव्हर आहे."

दुपार कलायला लागली तेव्हा पाड्यातल्या आंब्याला भोंगा बांधला. शेतावरून, कामावरून लोक येत होते. कोणी विचारलं, "लग्न कुणाचं?" एका म्हाताऱ्याने त्याला गप्प केलं. वायर जोडल्या आणि सवयीने माईक टेस्ट करायला तोंडाशी धरला. सवयीने नावच आलं.

"सुनंदा."

घराघरांतून बायका बाहेर आल्या.

रनिंग ऑर्डर माझ्या मोबाईलमध्ये होती. निवेदिकेने वाचलेल्या ओळी मी जशाच्या तशा वाचल्या. कोणत्या सिनेमासाठी, कोणत्या भूमिकेसाठी, परीक्षक काय म्हणाले. त्यानंतर रनिंग ऑर्डरमध्ये क्लिप होती. ती मोबाईलमध्ये होती, पण दाखवायला पडदा नव्हता. मी मोबाईल माईकला लावला.

"थांब की गं, मी पण येते!"

आई दारात उभी होती. ती खाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणखी एकदा लाव."

मी लावली. मग पुन्हा लावली. कोणी मला वेळ झाली म्हणालं नाही.

लखमाबाबा ट्रॉफी घेऊन आले. कुंकू त्यांनी पुसलं नव्हतं. "आता घे," ते म्हणाले. मी दोन्ही हातांनी घेतली. देताना टाळ्या वाजतात. परत घेताना वाजवायच्या की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. कोणी वाजवल्या नाहीत. मी सर्टिफिकेट आईच्या हातात दिलं. तिने विचारलं, "ह्याच्यात कुठंय ती?" मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

तक्रार झाली नाही. कुंकू निखिल सरांनी ऑफिसात ओल्या टिश्यूने पुसलं आणि ट्रॉफी हिरोच्या मॅनेजरकडे गेली. पुढे एका शोच्या कामासाठी मी त्या मॅनेजरच्या ऑफिसात गेलो, तेव्हा ट्रॉफीचा खोका कपाटावर होता. टेपसुद्धा काढलेली नव्हती.

तेव्हापासून माझ्या रनिंग ऑर्डरमध्ये एक रकाना जास्त असतो: वस्तू घरी जाणार की परत येणार. परत येणार असेल तर पायरी चढायच्या आधी मी स्वतः जाऊन त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगतो. बहुतेक जण म्हणतात, माहीत आहे. तरी सांगतो.

त्या दिवशी पाड्यावरून निघताना ड्रायव्हरच्या हाती जयंतीभाईंना हे पत्र दिलं होतं.

*आदरणीय जयंतीभाई,*

*सादर प्रणाम. भोंगा, अँप्लिफायर, बॅटरी आणि माईक परत पाठवतो आहे. वायर पुसून गुंडाळली आहे. भाडं तुम्ही घेणार नाही, म्हणून पाठवत नाही.*

*तुम्ही विचारलंत, लग्न की मयत. तेव्हा मला लिहिता आलं नाही. लग्न नव्हतं. मयतही नव्हतं, ते आधीच होऊन गेलं होतं. एका आईला तिच्या मुलीचं नाव ऐकायचं होतं.*

*भोंग्याचं तोंड तुम्ही शिकवलं तसं थोडं वर ठेवलं. आवाज फाटला नाही. हॅलो म्हटलं नाही.*

*टेकडीवर शेवटचं एक घर आहे. तिथली म्हातारी काठी टेकत खाली आली आणि म्हणाली, सुनंदाला कोण हाक मारतंय? म्हणजे नाव चोखं गेलं.*

*तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहून कळवतो.*

*तुमचा,*
*रमेश*