डाव्या बाजूचा हर्कधोज

हर्कधोज मुखियाचा जसमान राईवर जो राग होता, त्यात जसमानची चूक एवढीच की तो इंजिनाच्या उजव्या बाजूला बसायचा.

दार्जिलिंगहून घूमला चढणाऱ्या त्या छोट्या इंजिनाला सगळे 'बोजू', म्हणजे आजीबाई म्हणत. बोजूच्या नाकावर दोन माणसं बसत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. रूळ ओले असले की दोघांनी आतल्या हातानं दांडा धरून बाहेरच्या हातानं मुठीमुठीनं कोरडी वाळू रुळावर सोडायची. नाहीतर बोजूची चाकं जागच्या जागी गरगरतात. वीस वर्षं हर्क डावीकडे, जसमान उजवीकडे. पण फलाट उजवीकडे, दुकानं उजवीकडे, म्हणून फोटो काढणारे पाहुणेही उजवीकडेच. परिणामी जसमान तीन कॅलेंडरांवर आणि एका चहाच्या डब्यावर छापून आला होता. हर्क एकदा आला होता, पण त्यात त्याची फक्त टोपी होती.

अशात कोलकात्याहून सुतपा सरकार नावाच्या बाई बोजूवर पुस्तक करायला आल्या. दोन हातांत मावणार नाही असा कॅमेरा. सकाळी गाडी निघायच्या आधी हर्क मान वाकडी करून जसमानपाशी आला.

"भाइ, डावीकडचं वारं लागून मान धरलीये रे. आज जागा बदलू."

"वीस वर्षं नाही धरली ती? कॅमेरा बघूनच धरली का, दाजु?" जसमान म्हणाला. दाजु म्हणजे थोरला भाऊ.

"घूमला दोन प्लेट मोमो."

"तीन. आणि मान आता सरळ करा, फोटोत वाईट दिसेल."

हर्क उजवीकडे बसला. अंगावर नवा स्वेटर, चेहऱ्यावर लग्नातल्यासारखं हसू. बाईंनी कॅमेरा उचलायला आणि धुकं उतरायला एकच गाठ पडली. फलाटावर कुणाला कुणाचं नाक दिसेना.

"वर चढावर काढते," बाई म्हणाल्या.

चढ आला, रूळ ओले झाले. हर्कनं मूठ भरली. पण वीस वर्षं दांडा धरणाऱ्या उजव्या हाताला वाळू सोडता कुठं येत होती? निम्मी त्याच्या बुटात गेली, उरलेली खडीत. तिकडे जसमानचा डावा हात तर पोरानं मीठ सांडावं तशी वाळू सांडत होता. बोजू फुरफुरली, गरगरली, थांबली.

"कोण रे बसलंय पुढं? कोंबड्यांना दाणे टाकताय का?" ड्रायव्हर फुर्बा गुरुजी खिडकीतून ओरडले; तिकडे ड्रायव्हरला गुरुजीच म्हणतात. खाली उतरून त्यांनी दोघांना बघितलं आणि कपाळावर हात मारला. "बदला! आत्ताच्या आत्ता बदला!"

एव्हाना धुकं विरलं होतं. बाईही धावत आल्या. हर्क डावीकडे जाऊन बसला. आता फोटो जसमानचाच निघणार, हे ठरलेलंच. रागारागानं त्यानं मूठ भरली आणि सोडली. बारीक, सरळ, रुळाच्या मधोमध. बोजू एका दमात चढली. बाई मात्र डावीकडे, रुळाच्या कडेला, कॅमेरा डोळ्याला लावून गुडघ्यावर बसल्या होत्या.

पुस्तक स्टेशनावर आलं तेव्हा सगळे त्याच्याभोवती जमले. मुखपृष्ठावर चेहरा नव्हताच. नुसता एक हात, त्यातून सुटणारी वाळू, खाली चकाकणारा रूळ.

"वा! काय हात आहे जसमानचा!" चहावाली फुलमाया म्हणाली.

"माझा कुठला? डावा आहे बघ. दाजुंचा आहे," जसमान म्हणाला. त्याचा आवाज जरा आंबट होता.

सगळे हर्ककडे वळले. कुणी त्याचा हात हातात घेतला, कुणी उलटा करून बघितला, फुलमायानं तर आपल्या ओढणीनं पुसला. तोंडाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

हर्कनं हात ओढून घेतला आणि खिशात कोंबला. जन्मात पहिल्यांदा त्याला जसमानचा हेवा वाटत नव्हता. स्वतःच्या हाताचा वाटत होता.