चित्रकलेच्या दिवशी मोर्चा

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. न छापलेली मात्र साठत राहते, आणि चहाला चार मित्र जमले की बाहेर पडते. विट्याच्या अलीकडच्या आमच्या गावातलं मिशनचं हायस्कूल, म्हणजे आमच्या भाषेत ‘कॉन्व्हेंट’, माझ्याकडे असंच साठलंय. तीन पिढ्या तिथे शिकल्या. शाळेचा इतिहास ताठ मानेनं सांगता येतो. गावाचा सांगताना लाज वाटते.

*

मुख्याध्यापिका सिस्टर ब्रिजिट वसईच्या. त्यांचं मराठी आमच्या पेपरच्या संपादकापेक्षा चांगलं! कोइमतूरला सोनं गाळायचा, म्हणजे गलाईचा, धंदा करणारे गावातलेच एक शेठ ॲडमिशनसाठी त्यांच्यासमोर बसले. म्हणाले, "सिस्टर, पोरगं फाडफाड इंग्लिश बोललं पायजे. मराठीचा एक शब्द आला न्हाई तरी चालंल!"

सिस्टर म्हणाल्या, "आणि आजीशी बोलायला दुभाषी ठेवणार का?"

*

मग गेल्या वर्षी व्हॉट्सॲपवर फिरलं : शाळेत पोरं बाटवतात. पुरावा? एका घरातली पोरगी जेवणाआधी डोळे मिटून हात जोडते! बाप तक्रार करायला निघाला. आजोबा रिटायर्ड सुभेदार. त्यांनी त्याला दारातच अडवला.

"आरं, तुला पट्ट्यानं हाणून शिकवलं, तरी तू ताटापुढं कवा हात जोडलं न्हाईस!"

बाप तरीही गेलाच.

*

पुढारी आबांच्या ओसरीवर मोर्चाची मीटिंग बसली. मागणी एकच : सिस्टरना गावातून हलवा. मी बातमीसाठी कोपऱ्यात होतो.

"सोमवारी ठेवू."

"सोमवारी नको, माझ्या पोरीचा इंग्लिशचा पेपर हाय."

"मग बुधवारी?"

"गणित हाय गड्या! बायको घरात घेणार न्हाई."

आबांची थोरलीही त्याच शाळेत आठवीत. तोडगा त्यांनीच काढला. "गुरुवारी चित्रकला हाय. गुरुवारी फाटकावर धडक मारू!"

*

गुरुवारी ऊन लय. घोषणा देऊन घसे सुकले, तर सिस्टरनी आतून पाण्याच्या घागरी पाठवल्या. सगळे पोटभर प्याले. तेवढ्यात चॅनेलवाला धापा टाकत पोचला.

"आबा, घोषणा परत द्या की! आणि जरा संतापून. पाणी पिताना घेतलं तर चालणार नाही."

आबा परत संतापले.

*

आमच्या पेपरनं पहिल्या पानावर मथळा दिला : ‘शाळेत धर्मांतर?’ मी संपादकाशी कडाकडा भांडलो. "आधी चौकशी तर होऊ द्या!"

"प्रश्नचिन्ह टाकलंय ना? चौकशी झाली की तीही छापू."

चौकशी झाली. काहीच निघालं नाही. तेही छापलं, आतल्या पानावर, दोन ओळींत, गाई-म्हशींच्या बाजाराखाली. तोवर सिस्टरची बदली ठरली होती.

*

सिस्टर निघाल्या ती मे महिन्यातली दुपार. रिक्षात सामान चढलं होतं, निरोपाला गावातलं कुणी नव्हतं. फाटकावर वॉचमन मुबारकचाचा आणि मी, बस्स. तेवढ्यात आबांची गाडी थांबली. चार-पाच वर्षांच्या धाकटीचा हात धरून आबा उतरले. वाटलं, माफी मागतील.

"सिस्टर, जाता जाता एवढं हिचं ॲडमिशन करून जावा. नव्या बाई आमचं ऐकतील का, काय सांगता येत न्हाई."

सिस्टर रिक्षातून उतरल्या, पोरीचं बोट धरलं आणि ऑफिसकडे चालू लागल्या. आबांनी फाटकातच चपला काढल्या.

"आवं आबा," चाचा म्हणाले, "फरशी तापलीय. आन् ही शाळा हाय, देऊळ न्हवं."

"असू दे," आबा म्हणाले आणि अनवाणीच आत गेले.