लिंबाजीचा दम

बायकोला सांगितलं नाही. आई गेली, तिलाही नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा हा विषय मी शिताफीनं टाळत आलो — त्याला काय सांगायचं, त्याला माहीतच असेल, म्हणून. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही लिंबाजीला ओळखत नाही म्हणून. दुसरं काही कारण नाही.

मी डबल बास वाजवतो. व्हायोलिनच्या घरातला थोरला भाऊ समजा — माणसापेक्षा उंच, उभ्यानं गज फिरवून वाजवायचा, आवाज पार खर्जातला. पुण्यात एका गोवेकर मास्तरांकडं शिकलो, मुंबईत इंग्रजी पद्धतीच्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत उभा राहिलो. ते काम सुटलं, तेव्हा वाद्य घेऊन वडवणीला परत आलो. गाव काय म्हणालं? "आरं, ही सारंगी हाय का म्हैस?" लई हसले. हसणारच की! दुष्काळात हसायला दुसरं होतं काय?

हसला नाही तो एक लिंबाजी. शाळेपासूनचा दोस्त. बीडच्या स्टँडवर कंडक्टरनं ते धूड एसटीत घ्यायला साफ नकार दिला, तर हा गडी टपावर चढला आणि भर उन्हात, पत्र्यावर, वडवणीपर्यंत त्याला कवटाळून बसला. उतरला तेव्हा तळहात भाजले होते. म्हणाला, "तुझ्या लेकराला काय झालं न्हाई बघ." हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकताना विसरू नका.

पोटासाठी मी खेळाच्या मंडळांना संगीत करून द्यायला लागलो. संघ मैदानात उतरतानाची धून, गुण मिळाल्यावरचा तुकडा, असलं. त्यातच सहकारी साखर कारखान्याच्या कबड्डी संघाचं काम आलं. त्या साली पाऊस नव्हता, गाळप कधीच आटोपलं होतं, कारखान्याच्या आवारात गुरांची छावणी पडली होती. तरी चेअरमननी संघ मोडला नाही. एका गड्याची जागा रिकामी होती, आणि निवडला जाईल त्याला कारखान्यात कायमची नोकरी. लिंबाजी आणि त्याची बायको सुमन दरसाल ऊस तोडायला कर्नाटकात जायचे. सुमन तेव्हा पोटुशी होती. ही जागा मिळाली की त्यांच्या हातातला कोयता सुटणार होता. गावाला माहीत होतं — मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

आता माझं काम ऐका. चढाई करणारा एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत जातो. दम तुटला की बाद. मी मध्यरेषेच्या टोकाशी वाद्य घेऊन उभा. दम चालू तोवर माझा गज वर धरलेला, चढाई संपली की गज तारेवर. म्हणजे दुसऱ्याचा दम ऐकायचा, हेच माझं काम.

निवडीच्या सामन्याला माझी धून पहिल्यांदाच पुरी वाजत होती, मागं बेंजो पार्टी. लोक उठून उभे राहिले. मला वाटलं — काय वाटलं ते सांगायचीही लाज वाटते. ते लिंबाजीसाठी उठले होते. "लिंबा! लिंबा!" माझा एक सूर कुणाच्या कानावर गेला नाही. मी एवढं शिकून आलो, उभा जन्म त्या लाकडाला टेकून काढला. आणि हा, तालुक्याबाहेर गेला तो कोयता घेऊनच, हा सगळ्यांचा? मत्सर म्हणतात त्याला.

शेवटची चढाई लिंबाजीची, ती जमली की जागा त्याची. मैदानावर मारायला पाणी नव्हतं, नुसता फुफाटा. त्यानं एकाला शिवलं, तिघांनी त्याला खाली दाबलं, तो तिघांना ओढत आला आणि त्याचा हात रेषेला लागला. पण दम होता का? गोंगाटात पंचांना कळलं नाही. चेअरमन स्वतः माझ्याकडं आले. "तुमचा कान तयार हाय. तुमी हितंच व्हता. दम व्हता का तुटला?" कुणी दबाव आणला नाही. त्या जागेसाठी समोर असलेला दुसरा गडी सिरसाळ्याचा, ना माझ्या नात्याचा, ना ओळखीचा.

मी ऐकलं होतं. तिघांच्या खाली, धुळीत, "कबड्डी"चं नुसतं "डी-डी-डी" उरलं होतं, खाली खाली जात होतं — पण अखंड होतं. खर्ज ऐकायचा हा तर माझा धंदा.

मी म्हणालो, "तुटला."

मला वाटलं, आता हा अंगावर येईल. खोटं बोलतूस का रं, म्हणेल. म्हणाला असता तर मी शब्द फिरवला असता — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. तो फक्त धूळ झटकत उठला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तू म्हणतूस म्हंजी तुटलाच आसंल. मला कळलं न्हाई गड्या."

जागा सिरसाळ्याच्या गड्याला मिळाली. लिंबाजी आणि सुमन पुन्हा कोयता घेऊन कर्नाटकात गेले. उसाच्या मोळ्या उचलता उचलता सुमनचं पहिलं लेकरू फडातच गेलं. परत आल्यावर मी भेटायला गेलो. तिनं चहा केला. मी प्यालो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निदान वासे तरी मोजतो, मी तर घरच खाल्लं. लिंबाजी पुन्हा खेळला नाही. दमाचा भरवसा राहिला न्हाई, म्हणायचा. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात ना? राहतं. माझं राहिलं.

मागच्या हिवाळ्यात वडवणीतल्या मुलींच्या कबड्डी क्लबनं माझ्याकडून धून करून घेतली. रिक्षातून वाद्य उतरवायला कोण आला असेल? लिंबाजीच. केस पिकलेले, पण उचलताना तसाच जपून. त्याची धाकटी, सोनाली, त्या संघात. नंतर झालेली. तिची चढाई सुरू झाली, आणि हा माझ्या शेजारून ओरडायला लागला, "माघारी ये! लवकर माघारी ये!" ती कुणाला न शिवताच वळली. तिच्यात अजून कितीतरी दम होता. मला ऐकू येत होता.

ती धापा न टाकता येऊन उभी राहिली तेव्हा तो तिला समजावू लागला, "बाई, आपला दम तुटल्याला आपल्याला कळत न्हाई. दुसऱ्याला कळतंय." मग माझ्याकडं वळला. "व्हय ना रं?"

मी म्हणालो, "व्हय."

आणि चढाई संपली होती, म्हणून गज तारेवर ठेवला.