आईची पात

मला सोडायला हातकणंगले स्टेशनवर दादा एकटेच आले होते. दादा म्हणजे माझे वडील. कोडोलीहून एसटीनं आलो, ट्रंक त्यांनी टपावरून स्वतः उतरवून घेतली, मला हात लावू दिला नाही. "नव्या कपड्याला चिखल लागंल," म्हणाले. मुंबईची गाडी यायला वेळ होता. बाकड्यावर बसून आम्ही दोघं रुळांकडं बघत राहिलो. दादांनी एवढंच सांगितलं, "कुणापुढं वाकू नगंस. आणि पोटाला बघ." गाडी हलली तेव्हा त्यांनी हात उंच करून "जयभीम" असं इतक्या मोठ्यांदा म्हटलं, की डब्यातली माणसं वळून बघायला लागली.

आई आली नव्हती. ती आक्काताईच्या रानात भुईमूग भांगलायला गेली होती.

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं पैरा असतो. चार-पाच घरांची माणसं मिळून आज एकाच्या रानात राबायची, उद्या दुसऱ्याच्या, परवा तिसऱ्याच्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. तुम्ही माझ्याकडं आलात, मी तुमच्याकडं येणार, झालं. आमच्या बौद्ध वस्तीत कुणाचंच रान मोठं नाही. गडी लावायची ऐपत तेव्हा कुणाची नव्हती. पावसानं उघडीप दिली की तेवढ्यात भांगलण उरकावी लागते, नाहीतर तणच पीक होतं. त्या दिवशी उघडीप होती आणि पाळी आक्काताईची होती. आक्काताई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तोंडानं फटकळ, अजूनही तशीच आहे.

सकाळी आईनं माझ्या हातात भाकरीचं गठुळं दिलं, वर शेंगदाण्याची चटणी. मी म्हटलं, "स्टेशनपर्यंत तरी चल की गं." ती म्हणाली, "पैरा चुकवून कसं येऊ? ही काय आपल्या मर्जीची गोष्ट हाय? तू परत येशील की." आणि खुरपं घेऊन गेलीसुद्धा.

मी आमच्या गल्लीतला पहिला ग्रॅज्युएट. हे मी आजही छाती काढून सांगतो, लाजत नाही. गणितात बीएस्सी केलं, कोल्हापुरात राहून बीएड केलं, आणि आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात शिक्षक म्हणून माझी निवड झाली. गल्लीत कुणी हा देश नकाशावरही बघितला नव्हता. मीही मुलाखतीच्या तोंडावरच पहिल्यांदा बघितला होता. असा पोरगा परदेशी चाललाय आणि आई दुसऱ्याच्या रानात तण काढत बसलीय, हे मला लागलं. पुढं कितीतरी वर्षं लागत राहिलं.

बोत्स्वानात मला एका खेड्यातली सरकारी शाळा मिळाली. पत्र्याच्या छपराचं क्वार्टर, दारात काटेरी झाड, लांबवर वाळू आणि गुरं. ते लोक गुरांवर आपल्यासारखाच जीव टाकतात. सकाळी कुणीही भेटो, थांबून "दुमेला" म्हणून नमस्कार करायचा, मगच कामाचं बोलायचं. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा खायला मी शिकलो. टर्म, असेंब्ली, ड्युटी रोस्टर ही भाषा अंगवळणी पडली. पोरं हुशार होती, बीजगणिताला घाबरायची आणि गाण्यात मात्र कुणाला ऐकायची नाहीत. मला तिथं मान मिळाला, पगार मिळाला, माझी जात कुणी विचारली नाही. या शेवटच्या गोष्टीसाठी मी त्या देशाचं देणं लागतो. लग्नानंतर बायको सुनंदाही तिकडं आली, आणि तिनं त्या वाळूत मेथी उगवून दाखवली.

पण एक प्रसंग सांगतो. पावसाळा सुरू झाला, की तिथलेही शेजारी एकत्र येऊन एकाच्या रानात राबतात. आज याचं, उद्या त्याचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कुंपणाशीच थबकलो. अरे, हा तर पैरा! मी बाह्या सरसावल्या आणि कुदळ मागितली. सगळे हसले. एक म्हातारी लगबगीनं घरात गेली आणि माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली. झाडाच्या सावलीत मांडली, वरून अंगावरच्या पदरासारख्या फडक्यानं पुसली. "बसा, टीचर." मी बसलो. समोर माणसं ओळीनं वाकून काम करत होती, गात होती, एकमेकांची टिंगल करत होती, आणि मी खुर्चीत. इतकं एकटं मला तिथं पहिल्या रात्रीही वाटलं नव्हतं.

आई गेली तेव्हा मी तिकडंच होतो. शाळेच्या ऑफिसात फोन आला. विमानं बदलत पोचलो, तोवर सगळं उरकलं होतं. दादा ओट्यावर बसले होते. मला बघून आक्काताईनं घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली. "बसा, सर," म्हणाली. तिनं मला उघडंनागडं फिरताना बघितलंय, कानफटलंय, पक्या म्हणून हाका मारल्यात. ती मला सर म्हणाली. सुट्टी संपली, मी परत गेलो, पण ती खुर्ची डोक्यातून गेली नाही.

पुढचं कॉन्ट्रॅक्ट मी केलं नाही. दादा थकले होते, हे एक कारण. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. मला माझ्या गावात पाहुणा म्हणून मरायचं नव्हतं.

कोल्हापुरात एका शाळेत नोकरी लागली, शहरातच घर भाड्यानं घेतलं. दादा यायला तयार नव्हते, म्हणून दर रविवारी मी कोडोलीला. गल्लीतून चालताना लोक वाट द्यायचे. "काय पावणं, कवा आला?" असं आपल्याच गल्लीत कुणीतरी विचारायचं. मी हसून "आजच" म्हणायचो.

त्या वर्षी आमचा भुईमूग तणात बुडायला आला. मी दादांना म्हटलं, गडी बघतो. पण पुढच्या उघडिपीला बघतो तर आक्काताई आणि वस्तीतल्या चार बायका खुरपी घेऊन आमच्या रानात हजर. आई गेल्यापासून आमच्या घरातून पैऱ्याला कुणी गेलंच नव्हतं. तरी त्या आल्या होत्या. मी दादांकडं बघितलं. ते नजर चुकवत म्हणाले, "मी शबुद दिलाय. म्हटलं, आमचा पैरा माझा ल्योक फेडंल."

आक्काताईची पाळी बुधवारी आली. बुधवारी मला शाळा. दादांचा शब्द तर पाळायचा होता, म्हणून मी एक चांगला तरणा गडी ठरवला, त्याची मजुरी आधीच दिली आणि माझ्या जागी पाठवला. मला वाटलं, काम तर माझ्यापेक्षा चांगलंच होईल. संध्याकाळी दादांचा फोन आला.

"आक्कानं गडी माघारी धाडला."

"का? काय चुकलं त्याचं?"

"त्याचं न्हाय चुकलं. ती म्हणली, गडी मला मिळत न्हाईत व्हय? पैऱ्याला घरचं माणूस लागतंय. घरात माणूस नसंल तर तसं सांगा म्हणावं."

दादा पुढं म्हणाले, "माझी मान खाली गेली बघ आज." आयुष्यभर कुणापुढं न वाकलेला माणूस हे म्हणत होता.

मी सरळ आक्काताईला फोनवर बोलवायला सांगितलं. म्हटलं, "आक्का, रविवारी येतो. मी स्वतः." पलीकडून आवाज आला, "यायचं असंल तर तांबडं फुटायला यायचं. उशिरा आलास तर बांधावरनंच माघारी लावीन." तिनं पैरा रविवारवर ढकलला. पाऊस आला असता तर तिचं नुकसान झालं असतं. तरी ढकलला.

रविवारी आक्काताईच्या रानात गेलो. प्रत्येकीनं आपापली पात धरली. पात म्हणजे आपल्या वाट्याची सरळ पट्टी, या बांधापासून त्या बांधापर्यंत. मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, तर एकजण म्हणाली, "अगं बाई, सरांच्या पिंढऱ्या बघा, खडूवानी!" दुसरी म्हणाली, "तण उपट, शेंगा न्हवं. आफ्रिकेत डोळं ठेवून आलायस व्हय?" मी हसत होतो आणि कंबर मोडत होती. न्याहारीच्या वेळेपर्यंत सगळ्या पुढं निघून गेल्या. माझी पात एकटी मागं राहिली.

आक्काताई आपली पात संपवून पलीकडच्या बांधावर उभी राहिली. तिथूनच ओरडली, "पक्या, तुझी आय बी अशीच मागं पडलीती एकदा."

"आई? ती तर सगळ्यांत पुढं असायची."

"तू गेलास त्या दिवशी. ह्याच रानात. तुझ्या गाडीचं टायम झालं तशी उठून हुबी ऱ्हायली, हातकणंगल्याकडं तोंड करून. कवाची हुबी. आमी भांगलत पुढं गेलो. मग बसली, परत खुरपं धरलं. पण हात चालंना तिचा. पात तेवढी सोडली न्हाय."

"मग?"

"मग काय? समोरनं आमी धरली की तिची पात."

एवढं बोलून ती खाली बसली आणि माझ्याच पातीत, त्या टोकाकडून माझ्याकडं भांगलत यायला लागली. मी मान खाली घातली. डोळ्यांपुढं तण कुठलं आणि वेल कुठला, दिसत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की त्या दिवशी आई मला सोडायला आली नाही.

तुमच्यातले जे माझ्यासारखे परदेशी गेलात आणि तिकडंच राहिलात, ते मला विचारता, परत जाऊन काय मिळालं? पगार निम्म्याहून कमी झाला, खरं आहे. शाळेत राजकारण आहे. वस्तीकडं बघायची काही लोकांची नजर अजून तीच आहे, तिथं मान मिळवायला रोज उभं राहावं लागतं. बोत्स्वानातल्या त्या शांत संध्याकाळी आठवल्या की मलाही कळ येते. तिथल्या पोरांची गाणी अजून कानात असतात.

पण घर म्हणजे काय, हे मला आता विचाराल, तर मी त्या रानाकडं बोट दाखवीन. माझी पात मागं पडली होती, आणि समोरून एक म्हातारी शिव्या घालत माझ्याकडं सरकत होती. मधलं तण कमी कमी होत गेलं. शेवटी आमची खुरपी एकमेकांवर आपटली.

"झालं," आक्काताई म्हणाली. "आता उठ. दुसरी पात धर."